माणसांपुरती गेलेली वाचा

मुकुंदवाडीच्या माझ्या क्लिनिकमध्ये तो म्हातारा मेंढपाळ बायकोसोबत दर मंगळवारी यायचा. लकव्यानं त्याची वाचा गेली होती. अशा लोकांना पुन्हा बोलायला शिकवणं हे माझं काम, आणि आजाराचं नाव उलगडून सांगायची मला भारी हौस.

"याला अफेजिया म्हणतात," मी पहिल्याच दिवशी सांगितलं. "ग्रीक शब्द आहे. 'अ' म्हणजे नाही, 'फासिस' म्हणजे बोलणं."

"माणसांपुरतंच गेलंय बाई," म्हातारी शांतपणे म्हणाली.

मी पाण्याचा पेला दाखवला. त्याचे ओठ नुसतेच हलले. मग तो एकदम दाराकडं वळला, जिभेनं टक्‌टक्‌ केलं आणि स्वच्छ, लांब आवाजात "हुर्र" अशी हाक दिली. मी खूश होऊन फाइल उघडली. तेवढ्यात म्हातारीनं पाय उचलून खुर्चीवर घेतले.

"तुमी बी घ्या वर. तुडवतील."

"कोण?"

"मेंढरं. गेल्या साली शेंद्र्याच्या रोडवर ट्रकखाली गेली सगळी. त्याच दिशी ह्यांना लकवा मारला. पर हाक दिली की येतेत."

त्याची नजर दारापासून खिडकीपर्यंत सावकाश सरकत गेली. शेवटचं कुणीतरी मागं राहिलं असावं तसा तो थांबला, आणि गुडघ्याच्या उंचीवर त्यानं हवेत हळूच थोपटलं.

दोघं निघून गेली. फाइलवर 'अफेजिया' लिहायचं राहिलं होतं. पेन टेबलाखाली पडलं होतं, आणि मला पाय खाली सोडायचं धाडस होईना.