आयोलाच्या बोटांचे ठसे

टल्स क्रीकमध्ये आयोला टिलमनला ओळखत नाही असं माणूस शोधूनही सापडलं नसतं. खाडीकाठच्या त्या गावात खेकडे सोलण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं आणि फटकळपणात तर नव्हतंच. सकाळभर कारखान्यात उकडलेल्या खेकड्यांचा ढीग पुढ्यात घेऊन बसायचं, बायकांनी चर्चचं गाणं धरलं की त्यात आपला भरदार आवाज मिसळायचा, आणि दुपारी शाळेची पिवळी बस आली की चर्चचं तळघर गाठायचं, हा तिचा वर्षानुवर्षांचा रिवाज. आईबाप कामावरून सुटेपर्यंत पोरं त्या तळघरात असत. आयोला त्यांना मक्याचा पाव खायला घाली, गणितं करून घेई आणि दंगा केला तर नुसत्या नजरेने गप्प बसवी.

त्याच तळघरात काही वर्षांपूर्वी एक गोड गळ्याचा माणूस पोरांना गाणं शिकवायला येत असे. हसतमुख, सगळ्यांच्या मदतीला धावणारा. त्याची चौकशी करावी असं कुणाच्या मनातही आलं नाही. मग एके दिवशी एका मुलीने त्याच्या वर्गात जायला नकार दिला आणि कारण फक्त आयोलाच्या कानात सांगितलं. आयोला तडक पोलिसांकडे गेली. त्याला अटक झाल्यावर कळलं, की दुसऱ्या राज्यात तो याच गुन्ह्यासाठी तुरुंगात जाऊन आला होता आणि इथे नाव बदलून राहत होता. आयोला रोज स्वतःच्या हाताने त्याला कॉफी देत असे. 

तेव्हापासून तिने चर्चच्या मंडळाचा पिच्छा सोडला नाही. शेवटी या वसंतात ठराव झाला: पगारी असो की हौशी, बोटांचे ठसे देऊन पोलीस पडताळणी झाल्याशिवाय कुणी तळघराच्या पायऱ्या उतरायच्या नाहीत. पडताळणी झालेल्याला गळ्यात घालायला कार्ड मिळणार. लोक कुरकुरले. आयोलाने एकेकाला गाठून, लाजवून, प्रसंगी दंडाला धरून ठसे द्यायला नेलं. ऑर्गन वाजवणारा थकलेला म्हातारासुद्धा सुटला नाही. स्वतःचा नंबर तिने सगळ्यांत शेवटी लावला.

जाण्याआधी तिने हात लिंबाने चोळले, मग ब्लीच घातलेल्या पाण्यात भिजवले आणि ब्रशने खसाखसा घासले. सरकारी कामाला खेकड्याचा वास मारत जायचं नाही, ही तिथल्या सगळ्याच बायकांची शिस्त. ठसे घ्यायला मिस्टर डॅशील होते, शेरीफच्या कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांनी तिचं एकेक बोट यंत्राच्या काचेवर टेकवलं, पुसलं, परत टेकवलं.

"मिस आयोला, तुमच्या बोटांवर काहीच नाहीये हो."

"काहीच नाही म्हणजे? बोटं दिसताहेत ना?"

"बोटं आहेत. त्यांच्यावरच्या रेघा कुठे गेल्या?"

रेघा खेकड्यांनी नेल्या होत्या. टोकदार कवचं, धारदार सुरी आणि मीठ यांच्यात सारा जन्म गेलेला. उरलंसुरलं त्या लिंबाने आणि ब्लीचने पुसून टाकलं. ठसे अस्पष्ट म्हणून वरून परत आले. पुढच्या महिन्यात बिनलिंबाचे दिले, तेही परत आले.

"दोनदा परत आल्यावर नावावरून शोध घ्यायची सोय आहे," डॅशील म्हणाले. "अर्ज करू या का?"

"नावावरून?" आयोला म्हणाली. "तो गाणारा कुठल्या नावाने आला होता, विसरलात?"

डॅशीलनी अर्जाचा कागद परत खणात ठेवला. तो अर्ज काही आयोलाने केला नाही.

कारखान्यात ही बातमी पोचायला वेळ लागला नाही. तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसणारी क्लिओरा तर अशा संधीची वाटच बघत होती.

"अख्ख्या गावाला पकडून नेलंस आणि स्वतःच अडकलीस. आता बँक लूट बाई. कुणाला पत्ता लागायचा नाही."

"तू गाडी चालवशील का?"

"मी? मी तुला धरून देईन."

सगळ्या खोलीत हशा पिकला. आयोलाही हसली, पण घरी जाताना तिला रडू आवरेना. शाळा सुरू व्हायला आली होती.

रेव्हरंड पर्नेल भला माणूस. ते स्वतः घरी आले. "मिस आयोला, तुम्ही या बघू खाली. तुम्हाला कोण ओळखत नाही? कागद येईल तेव्हा येईल."

"नाही यायची," आयोला म्हणाली. "आज माझ्यासाठी दार उघडाल, उद्या तुमच्या आवडीच्या दुसऱ्या कुणासाठी उघडाल."

शाळा सुरू झाली. पोरं बसमधून उतरून तळघरात जात आणि आयोला रस्त्यापलीकडच्या बाकावर बसून राही. पोरं खिडकीतून हात हलवत, तीही हलवी. आत कुणीतरी पाव जास्त भाजला की तिला इथवर वास येई आणि ती तिथल्या तिथे चरफडे.

मग तिने एक दिवस ठरवलं आणि सुरी खाली ठेवली. भर हंगामात ठेवली. बोटांना विश्रांती मिळाली तर रेघा परत भरतात, असं डॅशील बोलून गेले होते. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी धक्क्यावर खेकडे सोलायची शर्यत होते. तिथला मान दरवर्षी आयोलाचा आणि दुसरा नंबर दरवर्षी क्लिओराचा. त्या वर्षी आयोला हातमोजे घालून प्रेक्षकांत बसली. क्लिओरा जिंकली. चषक काखेत मारून ती सरळ आयोलाच्या घरी आली, तो ओट्यावर ठेवला आणि बाह्या सरसावून तिची भांडी घासायला लागली.

"ठेव ती, मी करते," आयोला म्हणाली.

"हात लावलास तर बघ. तू नसताना जिंकण्यात काय मजा? लवकर बोटं उगवू दे आणि ये. पुढच्या वर्षी तुला खरोखरची हरवणार आहे."

रोज संध्याकाळी ती येई, भांडी घासून जाई. आयोला हातांना व्हॅसलिन चोपडून मोजे घाली आणि शेजारी बसून तिच्या घासण्याला नावं ठेवी.

ऑक्टोबरात आयोला तिसऱ्यांदा ठसे द्यायला गेली. डॅशीलनी अंगठा टेकवला आणि पडद्याकडे बघत राहिले. फिकट होत्या, पण रेघा होत्या. या वेळी ठसे परत आले नाहीत. त्यांच्या जागी कार्ड आलं.

रेव्हरंडनी ते रविवारी सगळ्यांसमोर तिच्या गळ्यात घातलं तेव्हा अख्खं चर्च उठून उभं राहिलं. क्लिओराने असा आवाज लावला की ऑर्गन ऐकूच येईना. सोमवारी आयोला तळघराच्या पायऱ्या उतरली आणि पोरांनी तिला असा गराडा घातला की पावाची परात उलटता उलटता वाचली. तिच्या आयुष्यात त्याहून मोठा दिवस उगवला नव्हता, आणि तिने तसं स्पष्ट बोलूनही दाखवलं.

नोव्हेंबरात एक बडे गृहस्थ आले. निवडणुकीला उभे राहिलेले, अंगावर भारी कोट, बरोबर फोटो काढणारा आणि पोरांसाठी खोकी भरून संगणक. रेव्हरंड त्यांना घेऊन पायऱ्यांपर्यंत आले. दारात आयोला उभी होती.

"कार्ड?" ती म्हणाली.

गृहस्थ हसले. रेव्हरंड लगबगीने पुढे झाले. "मिस आयोला, अहो, यांना सगळे ओळखतात."

"मलाही सगळे ओळखत होते," आयोला म्हणाली, आणि त्यांना रस्त्यापलीकडचा बाक दाखवला.