बीपी वाढलं की चढलं?

ताडकळसच्या बाजारात बांगड्या भरणाऱ्या कासाबाईपुढं कुणी ‘बांगडी फुटली’ म्हणून तर दाखवावं! असलं अभद्र बोलणाऱ्या गिऱ्हाइकाला ती हाकलून देते. बांगडी फुटत नाही, वाढते, हा तिचा तीस वर्षांचा कायदा.

सून शिवकन्येला तिसरा महिना लागला तेव्हा परभणीच्या दवाखान्यात तिचं रक्त तपासलं. रिपोर्ट बघून सिस्टर म्हणाली, “मावशी, पुढं हिचं बीपी वाढायची भीती आहे, असं रक्त सांगतंय.”

कासाबाई खूश झाली. “वाढू द्या की! एकदाची पीडा गेली.”

सिस्टर चक्रावली. शिवकन्येनं हसू दाबत तिला बांगड्यांचा कायदा समजावला, तसा सिस्टरनं शब्द बदलला. “वाढणार न्हाई मावशी, चढंल. चढलं तर आई-लेकरू दोघांच्या जिवाला घोर. ते चढू नये म्हणून डॉक्टरांनी आत्तापासूनच रोज ही बारकी गोळी सांगितलीय.”

घट्ट बांगडी एकदा चढली की उतरवताना काय हाल होतात, हे कासाबाईला कुणी शिकवावं? आता ती रोज तांब्या घेऊन सुनेपुढं उभी राहते आणि गोळी गिळली का, ते तिला आ करायला लावून बघते.

परवा शिवकन्या वैतागली. “आत्याबाई, तुमच्या या पहाऱ्यानंच माझं बीपी चढायलंय!”

कासाबाईनं तिच्या मनगटावरची बांगडी फिरवून बघितली. सैल फिरली.

“लय खोटं बोलतीस,” ती म्हणाली. “आ कर.”