सिद्रामच्या नावाचं ताट

सोलापुरात मंगळवार पेठेत माझं भांड्यांचं दुकान आहे आणि दुकानाच्या पायरीवर सिद्राम. विकलेल्या भांड्यांवर मशीनच्या सुईनं नावं टाकणं हे त्याचं काम. त्या कर्रकर्रनं माझे कान किटले, पण अक्षर मोत्यासारखं! "नाव असलं की भांडं कुणाच्याबी घरी जाऊ दे, परत येतं," हे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवतो.

त्याची एकुलती एक लेक संघप्रिया जर्मनीला शिकायला निघाली, तेव्हा त्यानं तिला स्टीलचं ताट दिलं. लेकीच्या भांड्यावर लेकीचं नाव टाकतात. या शहाण्यानं स्वतःचं टाकलं. मी हसलो, तर तिच्यासमोरच म्हणाला, "परत यायला पायजे की, शेठ."

तिथं ती धातूच्या पत्र्यांवर संशोधन करते. फोनवर बापाला समजावायची, आणि हा स्पीकर लावून मलाही ऐकवायचा. हवा काढून घेतलेल्या पोकळीत दोन पत्रे अगदी जवळ समोरासमोर ठेवले की आपोआप एकमेकांकडे ओढले जातात. चुंबक नाही, वीज नाही. रिकामी पोकळीही कधी शांत नसते म्हणे, तिच्यात बारीक खळबळ चालूच असते. मधल्या फटीत ती कमी मावते, बाहेर जास्त, म्हणून पत्रे आत ढकलले जातात.

"मधी काय बी नसताना?" सिद्राम हरखलाच. मग विचारलं, "किती लांबनं वढतंय गं?"

"लांबून नाही, अप्पा. केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी जवळ लागतं. अंतर दुप्पट झालं की जोर सोळा पट कमी."

त्यानं मशीन बंद केलं. दुकानात शांतता झाली आणि मला ती मुळीच आवडली नाही.

यंदा तिला तिथंच कायमची नोकरी लागली. त्यानं पेठभर पेढे वाटले. मग तिची एक मैत्रीण इकडं आली, तिच्याबरोबर सामान आलं: अप्पांना स्वेटर, मला चॉकलेट, आणि ते ताट.

"परत आलं पाहिजे म्हणाला होतात ना, अप्पा? आठवणीनं पाठवलं," फोनवर ती म्हणाली.

"व्हय, मिळालं की," म्हणून त्यानं फोन ठेवला, आणि पायरीवर बसून ढसाढसा रडला. गिऱ्हाइकं चपला काढता काढता थांबली.

दुपारी त्यानं ते ताट सुईखाली धरलं. एरवी दोन नावांत बोटभर जागा सोडणारा माणूस, पण लेकीचं नाव त्यानं आपल्या नावाला इतकं खेटून टाकलं की अक्षरं एकमेकांत घुसली.

"बिघडवलंस की रे," मी म्हणालो.

"लांब ठेवलं की वढत न्हाय, शेठ," तो म्हणाला, आणि ताट तिच्याकडं परत धाडायला कागदात गुंडाळू लागला.