मामाजींच्या तोंडी माझा आवाज

बोंडअळीनं कापूस खाल्ला त्या वर्षी मामाजींची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, वाचा गेली. लकव्यानं उजवं अंग लुळं पडलं. मारेगावच्या बाजारात ओरडून ओरडून बैलांचे सौदे करणाऱ्या त्या माणसाकडे नुसतं 'अं अं' उरलं.

यवतमाळच्या दवाखान्यातल्या एका मुलीनं माझ्या नवऱ्याच्या मोबाईलमध्ये काहीतरी टाकून दिलं. पडद्यावर चौकोनात चित्रं यायची. पेल्यावर बोट ठेवलं की मोबाईल एखाद्या शहरी बाईसारखा बोलायचा, "मला पाणी हवे आहे."

घरी आल्यावर मामाजींनी डाव्या हातानं पेला दाबला, तशा माझ्या सासूबाई डोक्यावर पदर घेत चुलीपासून उठून आल्या.

"कोन पाव्हनी आली वो?"

"कोनी नाई, आत्याबाई. मामाजी पानी मागून राह्यले."

"थे कायले असे मागतीन? थे त असे कधीच बोलत नोहते."

खरंच होतं ते. दवाखान्यातल्या मुलीला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, घरातल्याच कुणाचा आवाज भरा. नवरा लाजला. आत्याबाई मोबाईलसमोर बसल्या की गप्प व्हायच्या. शेवटी मीच बोलले. 'पानी द्या.' 'दुखून राह्यलं.' 'बाहेर न्या.' 'नको.' जेवताना पोट भरलं तर सांगता यावं म्हणून 'बस.'

इतक्या वर्षांच्या संसारात मामाजींशी मी समोर उभी राहून कधी बोलले नव्हते. आता तेच माझ्या आवाजात बोलू लागले. 'पानी द्या' ऐकून आत्याबाई पेला मलाच आणून द्यायच्या.

नवरा मोबाईल घरी ठेवून दिवसभर कापसातली सरकी काढायच्या जिनिंगवर कामाला असायचा. आत्याबाईंचे गुडघे धरलेले, त्यामुळे मामाजींची आंघोळ माझ्याकडे होती. एका सकाळी मी गरम पाण्याची बादली आणली, त्यांचं धोतर सोडायला वाकले, आणि खाटेवरून माझाच आवाज आला.

"नको."

वाटलं, पाणी कडक असेल. मी थंड पाणी मिसळलं.

"नको."

"पानी नको का साबन नको, मामाजी?"

"नको."

"का मी नको?"

त्यांनी डोळे मिटून घेतले. बोट मात्र तिथंच होतं. नको, नको, नको. मी बादली तशीच ठेवून मागच्या दारी जाऊन उभी राहिले. लकवा झाल्यापासून मीच त्यांना आंघोळ घालत होते. पहिल्या दिवसापासून त्यांना ते नको होतं का? त्या 'अं अं'ला मी 'हो' समजत होते.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "चुकून बोट लागलं असन. तू कायले मनाले लावून घेतं?"

पण मामाजींनी नंतरही मला हात लावू दिला नाही. मग नवराच भल्या पहाटे आंघोळ घालून कामाला जायचा. पुढे कापूस येईनासा झाला, जिनिंग अर्ध्या हंगामातच बंद पडलं आणि तो घरीच राहिला. बाप-लेक न्हाणीत तासभर असायचे. मोबाईल एकदाही 'नको' म्हणाला नाही. माझी कंबर दुखायची थांबली. मला बरं वाटायला पाहिजे होतं. पण न्हाणीतलं पाणी ऐकू आलं की मी उगाच भांडी घासायला घ्यायचे.

एकदा नवरा काम शोधायला पांढरकवड्याला गेला होता. मी मामाजींना चहा पाजला. कप रिकामा झाला, तशी मी निघाले.

"बस," मोबाईल म्हणाला.

"संपला चहा, मामाजी."

"बस."

पुरे म्हणत होते, का बस म्हणत होते? त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना. उभं राहावं की जावं, तेही सुचेना. मग मी खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर टेकले. ते छताकडे बघत राहिले. मोबाईल पुन्हा बोलला नाही.

आत्याबाईंनी आतून विचारलं, "काय म्हनून राह्यले वो थे?"

"माहीत नाई," मी म्हटलं. "पन मी बसली."