रोह्यात तो जगतो

काकांचा, म्हणजे इंदूमावशीच्या नवऱ्याचा, फोन आला तेव्हा मी धाटावहून सुटलेल्या कंपनीच्या बसमध्ये होते. शिफ्ट सुटल्यावरची बस म्हणजे नुसता गोंगाट, त्यात काकांचा आवाज मुळातच बारीक. "आपली मावशी गेली गो," हे त्यांना दोनदा सांगावं लागलं. मग मी काही न विचारताच ते सांगू लागले, की ओटीवर खुर्चीतच बसली होती, काळोख पडला तरी 'लावा आता' म्हणेना, म्हणून बघायला गेलो... बसमधल्या कुणाला यातलं काही कळलं नसतं. मला कळलं. पेणला, रामवाडीतल्या त्या घरात, संध्याकाळी दार लावायची एक रीत होती. इंदूमावशी लग्न होऊन त्या घरात आली तेव्हापासूनची.

रीत अशी, की दिवेलागण झाली की पुढचं दार सताड उघडं राहायचं. मावशी ओटीवरच्या लाकडी खुर्चीत, रस्त्याकडे तोंड करून बसायची. हातात निवडायची भाजी असायची, पण नजर भाजीवर नसायची. हायवेवरून गावात वळणारी मोटारसायकल तिथं वेग कमी करते, तो आवाज आला की तिचे हात थांबायचे. गाडी पुढं गेली की पुन्हा सुरू. खाडीकडचे डास येऊन आमचे पाय फोडून काढायचे, तरी कुणाची दाराला हात लावायची टाप नव्हती. मी लहानपणी एकदा कडी घातली तर तिनं अशा नजरेनं पाहिलं की मी मुकाट्यानं काढली. मग केव्हातरी ती आत बघून म्हणायची, "लावा आता." काका उठायचे, कडी घालायचे, आणि घरात जेवणाची ताटं मांडली जायची. पाहुण्यांना ती सांगायची, वारा येतो बरा. कसला वारा... वैशाखात त्या ओटीवर पान हलत नसे.

खरं कारण मला आईनं सांगितलं, मी चांगली मोठी झाल्यावर. आई मावशीची धाकटी बहीण. दोघी रोह्याच्या. तेव्हा पेण आणि रोहा इथल्या टॉकीजचे मालक एकमेकांचे मेहुणे होते आणि नवा सिनेमा आला की दोघांत मिळून एकच प्रिंट आणत. पेणला दुपारचा खेळ, रोह्यात सहाचा. पेणला लागून झालेली रिळं डब्यात घालून एसटीनं रोह्याला रवाना व्हायची. पण शेवटची दोन रिळं पेणच्या पडद्यावर असतानाच ती एसटी सुटून जायची. त्या दोन रिळांसाठी दत्ता होता. पेणचा खेळ सुटला की डबे फटफटीच्या मागं दोरीनं आवळायचे आणि नागोठणं, भिसे खिंड करत रोहा गाठायचा. रोह्याच्या पब्लिकला या सगळ्याची इतकी सवय झाली होती, की सिनेमा रंगात आला असताना बाहेर फटफटीचा आवाज आला की लोक पडद्याकडे बघत टाळ्या वाजवायचे. शेवट आला म्हणून.

बायकांच्या बाजूच्या भिंतीपाशी दत्ता दोनदा हॉर्न द्यायचा. पहिला ऑपरेटरसाठी, असं तो म्हणायचा. दुसरा कुणासाठी ते आईला माहीत होतं, कारण दुसऱ्या हॉर्नला मावशी पदर सारखा करायची. डबे वर देऊन तो बायकांच्या दरवाजापाशी उभा राहून शेवट बघे, म्हणजे निम्मा पडद्यावर आणि निम्मा तिसऱ्या बाकावर. आजोबांच्या कानावर गेलंच. पोरगा फटफटी फार पळवतो, एवढीच त्यांची तक्रार होती, नाहीतर घर चांगलं होतं. शेवटी ठरलं की येत्या रविवारी दत्ताच्या मोठ्या भावानं रीतसर घरी यावं.

त्या आठवड्यात मोटारींच्या शर्यतीचा सिनेमा लागला होता. हिरो शर्यतीत गाडी चालवणारा, नायिकेच्या घरचे राजी नाहीत, तो तिला शब्द देतो की ही शेवटची शर्यत, आणि त्याच शर्यतीत गाडी उलटते. आई आणि मावशी शुक्रवारी, पहिल्याच दिवशी, सहाच्या खेळाला गेल्या. गाडी उलटली, हिरोला दवाखान्यात नेलं, नायिका धावत निघाली आणि रीळ संपलं. दिवे लागले. फटफटीचा आवाज नव्हता. लोक आधी थांबले, मग शिट्ट्या सुरू झाल्या, कुणीतरी बाकं आपटायला लागलं. ऑपरेटर घाबरला. त्याच्यापाशी होती ती सगळी आधीची रिळं. त्यातलं त्यानं गाण्याचं रीळ काढलं, ज्यात दोघं उघड्या मोटारीतून समुद्राकाठी जातात, आणि तेच पुन्हा लावलं. त्याला वाटलं, गाणं बघून लोक थोडा वेळ गप्प बसतील. झालं भलतंच. लोकांना वाटलं, हिरो बरा झाला. गाणं संपलं तशा जोरात टाळ्या पडल्या आणि लोक डोळे पुसत, हसत बाहेर पडले.

आईसुद्धा हसत होती. बरा झाला गो, असं ती मावशीला सांगायला वळली, तर मावशी बाकावरून उठलीच नव्हती. टॉकीज रिकामी होत होती आणि ती दरवाजाकडे बघत होती. मग तिनं विचारलं, "दत्ता आला नाय... मग शेवट कुठून आला गो?"

आई म्हणते, तेवढं एक वाक्य अजून कानात आहे. शेकडो माणसं त्या टॉकीजमधून खूश होऊन घरी गेली आणि एकटीला कळलं की काहीतरी झालं आहे. खिंडीच्या उतारावर म्हैस आडवी आली होती. नागोठण्याकडून आलेल्या एसटीच्या ड्रायव्हरनं खबर आणली. दत्ता जागच्या जागी गेला होता. डबे फुटले होते आणि फिल्म उलगडून कारवीच्या झुडपांवर लोंबत होती. रोह्यात तो सिनेमा पुन्हा लागला नाही. त्यामुळे रोह्याच्या त्या पिढीला आजही विचारा, शर्यतवाला हिरो बरा होतो आणि दोघं समुद्राकाठी जातात. पेणवाल्यांना विचारा, तो मरतो, आणि नायिका दवाखान्यात उशिरा पोचते.

पुढं मावशीचं लग्न झालं ते पेणलाच. काका पेणजवळच्या जोहे गावातल्या एका कारखान्यात गणपती रंगवायचे, रोज बसनं जायचे-यायचे. रंगाचे डाग पडलेल्या बोटांचा, कमी बोलणारा माणूस. लग्नाआधी आजोबांनी त्यांना सगळं सांगितलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, मला ठाऊक हाय. कसं ठाऊक, ते आजोबांनी विचारलं नाही. ते मला काकांनीच एकदा सांगितलं, मावशी आत असताना, हळू आवाजात. त्या शुक्रवारी दुपारच्या खेळाला ते पेणच्या टॉकीजमध्ये होते. शेवटपर्यंत बसले होते. बाहेर आले तेव्हा दत्ता डबे बांधत होता आणि दोरीचं एक टोक धरायला त्यानं यांनाच हाक मारली. काकांनी टोक धरलं, दत्तानं गाठ मारली आणि गेला. "घट्ट बांध म्हटलं मी त्याला," काका म्हणाले होते.

म्हणजे आमच्या घरात शेवट बघितलेला माणूस होता, आणि जिचा शेवट अडला होता तीही तिथंच होती. तिनं कधी विचारलं नाही. पण एका गौरीच्या जेवणाला पेणचे चार नातेवाईक आणि रोह्याचे आम्ही अशी पंगत बसली असताना कुणीतरी त्या सिनेमाचा विषय काढला. पेणवाले आम्हाला हसायला लागले. रोह्याला काय कळतंय, तो मरतो, आम्ही या डोळ्यांनी बघितलाय. मावशी वाढत होती. तिचा हात भाताच्या पातेल्यात थांबला. आणि एरवी पंगतीत तोंड न उघडणारे काका म्हणाले, "जगतो तो. मी शेवटपर्यंत बसलो होतो." असं ठाम म्हणाले की पेणवाले गोंधळून एकमेकांकडे बघायला लागले. मावशीनं काकांच्या पानात भात वाढला, नको म्हणेपर्यंत वाढला. तिला ते खोटं आहे हे कळलं होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. त्या दोघांत प्रेम होतं का, असं मला पुष्कळांनी विचारलं आहे. मी त्यांना हा भात सांगते.

मावशी गेली त्याच्या थोडे दिवस आधी मी रामवाडीला गेले होते. माझ्या फोनवर तो सिनेमा सापडला होता. दाखवू का, म्हटलं. दाखव, म्हणाली. चष्मा लावून, फोन अगदी डोळ्यांशी धरून तिनं बघितला. समुद्राचं गाणं आलं तेव्हा ती लहान मुलीसारखी हसली. गाडी उलटली. दवाखाना आला. नायिका धावत निघाली आणि मावशीनं माझ्या मनगटावर हात ठेवला.

"थांबव गो. पुढचं रीळ त्याच्याकडं हाय."

मी थांबवलं. बाहेर एक मोटारसायकल वळली, तिनं मान वळवली, गाडी निघून गेली. मग तिनं आत बघून म्हटलं, "लावा आता," आणि काकांनी कडी घातली. ती आमची शेवटची भेट.

परवा मी पुन्हा गेले. काका आता घरात एकटेच असतात. दिवेलागणीला त्यांनी दार उघडलं आणि मावशीच्या खुर्चीत न बसता आतल्या आपल्या नेहमीच्या जागी, भिंतीला टेकून बसले. ओटीवरची खुर्ची तशीच, रस्त्याकडे तोंड करून. मी चहा केला. कुणाची तरी मोटारसायकल रस्त्याशी मंद झाली आणि तिनं दोनदा हॉर्न दिला. पार्सलवाला असेल, पत्ता शोधणारा कुणी असेल... खुर्ची रिकामी होती हे मला दिसत होतं, तरी मी तिच्याकडेच बघत राहिले. काकाही तिकडेच बघत होते. गाडी पुढं गेली. बाहेर पुरता काळोख झाला, डास आत यायला लागले, तशी मी उठले आणि काकांना विचारलं, दार लावू का.

"थांब जरा," काका म्हणाले. "ती अजून म्हणाली नाय."