गणपतीतली स्कॉटिश सीडी

मंदीत आमच्या स्कॉटिश मॅनेजरची नोकरी गेली. घर आवरताना त्याने त्यांच्याकडच्या जुन्या लोकवादकांच्या सीडी मला देऊन टाकल्या. त्यातला बॅगपाइपचा सूर मला थेट सनईसारखा वाटला, म्हणून दुबईतल्या सिलिकॉन ओएसिसच्या आमच्या फ्लॅटमध्ये गणपती बसवताना मी तीच सीडी लावली.

तेवढ्यात निरोप घ्यायला आलेला मॅनेजर दारातच थबकला. "ही धून आमच्याकडे अंत्ययात्रेत वाजवतात," तो म्हणाला. बायको माझ्याकडे खाऊ की गिळू अशी बघायला लागली. मी बंद करायला धावलो, तर तो म्हणाला, "राहू दे. माझ्या वडिलांच्या वेळी हीच होती." मग बूट काढून मूर्तीसमोर मांडी घालून बसला.

बंद करायला हवी होती का, मला अजून कळत नाही. पुढच्या गणपतीत बायकोनेच विचारलं, "ती सीडी कुठे ठेवलीस?"