नरपडच्या आभाळातला ओलावा

२०१७ च्या आसपासचा हिवाळा. नरपडला आमच्या चिकूवाडीला लागून एक मोकळा तुकडा आहे. तिथे विद्यापीठाची आणि हवामान खात्याची माणसं मुक्कामाला आली. समुद्रावरून येणारा वारा आणि जमिनीवरून जाणारा वारा यांचा अभ्यास दोघांनी मिळून करायचा होता. रोज सकाळी माणसाहून मोठा पांढरा फुगा गॅसने भरायचा, खाली यंत्राची डबी बांधायची आणि सोडून द्यायचा. मी चहाचा कप घेऊन बघत उभा राहायचो आणि चहा पार निवून जायचा.

डबी वर जाताजाता हवा किती गरम, किती ओली ते कळवायची आणि लॅपटॉपवर दोन रेघा चढत जायच्या, एक गरमीची आणि एक ओलाव्याची. पहिल्याच दिवशी विद्यापीठातल्या संशोधक मुलीने एका ठिकाणी बोट ठेवलं. "काका, इथे आत्ता फ्रीजरपेक्षा जास्त थंडी आहे." इथे म्हणजे माझ्या चिकूंच्या बरोबर डोक्यावर! पन्नाशी उलटेपर्यंत मी त्या थंडीखाली बनियनवर वावरत होतो आणि मला पत्ताच नव्हता. मी थक्क झालो, ते सांगायला मला लाज वाटत नाही.

वाडीपलीकडे वाळूवर शेजारच्या मावशी बोंबील वाळवायच्या. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी दोरीवर टांगायची, अशा दोऱ्यांच्या रांगाच रांगा. त्यांचं घर त्यावरच चालायचं. वाळत असताना पाऊस लागला तर त्यात अळ्या पडतात आणि सगळा माल खतात जातो.

एका सकाळी त्या मुलीचा चेहरा बदलला. रेघा दूर असल्या की हवा कोरडी, जवळ आल्या की ओली, एवढं मला कळू लागलं होतं. त्या दिवशी खालच्या हवेत रेघा दूर होत्या आणि वर मात्र अगदी चिकटल्या होत्या. बाहेर तर आभाळ निळंशार. "मावशींना सांगू या?" ती म्हणाली. खात्याचे साहेब म्हणाले, "आपण मोजून पाठवायचं. अंदाज मुंबईहून येईल." ती काही जागेवर बसेना. दुपारी अंदाज आला: उद्या पाऊस.

मी जाऊन मावशींना सांगितलं. त्यांनी आभाळ पाहिलं. "भाऊ, उत्तरेचा कोरडा वारा सुटलाय, यात पाऊस कुठला? अर्धवट सुकलेला माल काढला आणि पाऊस नाय आला, तर घरात कुजून जाईल. तुम्ही काय बघितलंय ते मला दाखवा." त्या येऊन लॅपटॉपसमोर बसल्या. मुलीने रेघा समजावल्या. मावशी बराच वेळ बघत राहिल्या. "म्हणजे बोंबील हाताला सुका लागतो, पण आत ओला असतो, तसं," असं म्हणून त्या उठल्या. "चला, काढा."

सगळेच धावलो. साहेबांनीही पँट दुमडली. पण पहिल्याच जोड्या आम्ही खसकन ओढल्या आणि मावशींच्या तोंडाचा पट्टा सुटला. "जबडा फाटला तर परत टांगू कसा? नीट सोडवा, साहेब!" मग मोठमोठ्या पदव्या घेतलेली ती माणसं एकेक जबडा हलक्या हाताने सोडवू लागली. बोटं सोलवटली. संध्याकाळपर्यंत मावशींची ओसरी भरली, आमची पडवी भरली. वासाबद्दल माझी बायको काय बोलली ते इथे लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून पाऊस लागला, तो थेट संध्याकाळी थांबला.

त्याच्या पुढच्या सकाळी मावशी आमच्या अंगणात हजर. "बाय, वरचं सुकलं काय बघ. घरातल्या मालाला वास यायला लागलाय." आता टांगले आणि परत पाऊस आला तर गेले, नाही टांगले तरी गेले. फुगा सुटला. तो ठिपका होऊन दिसेनासा होईपर्यंत आम्ही सगळे माना वर करून उभे होतो. मग मावशी लॅपटॉपसमोर बसल्या. रेघा चढत गेल्या, आणि वरपर्यंत एकमेकींपासून दूरच राहिल्या. "सुकलं," मुलगी म्हणाली. साहेब फोन ठेवत म्हणाले, "मुंबईचाही तोच अंदाज आहे."

मावशी चहालासुद्धा थांबल्या नाहीत. थोड्या वेळाने वाळूवर त्या जबड्यात जबडा अडकवून जोड्या टांगताना दिसल्या आणि माझे डोळे भरून आले. विमानंसुद्धा जात नाहीत तिथवर माणसांनी डबी धाडली होती, आणि तिथून आलेल्या उत्तरावर एक बाई आपले बोंबील टांगत होती.